सहाशे अंकांचं कुलूप

१

शनिवारी साडेअकराला सून घरी आली. तिची कचेरी साडेपाचला सुटते. हातात डबा तसाच, न उघडलेला. तिने चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर एक पत्र ठेवलं.

"आई, तुम्हीच वाचा. माझ्याच्याने दुसऱ्यांदा वाचवत नाही."

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, तरी ते पत्र मला स्वच्छ दिसलं. गणिताची प्रश्नपत्रिका फुटल्याबद्दल परीक्षा मंडळाच्या वरिष्ठ लिपिकेला, म्हणजे माझ्या सुनेला, चौकशी होईपर्यंत निलंबित केलं होतं. खाली उपसचिवांची सही. सहीखाली रेघ, रेघेखाली आणखी एक रेघ. माणसाला स्वतःच्या सहीचं इतकं कौतुक असू नये.

मी अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलं मला घाबरायची, हे खोटं नाही. पण न चुकलेल्या मुलाला मी कधी छडी मारली नाही.

"नीट सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

तिने सांगितलं. परीक्षेच्या दिवशी पेपर सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी एका शाळेच्या मागच्या भिंतीजवळ पाच मुलं उत्तरं पाठ करताना सापडली. प्रश्न नव्हे, उत्तरं! नव्वद हजार मुलांची परीक्षा रद्द झाली. आता ती पुन्हा घ्यायची.

प्रश्नपत्रिका हल्ली कागदावर जात नाही. ती कुलूपबंद फाइल होऊन सगळ्या केंद्रांना आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांना चार दिवस आधी जाते. कुलूप म्हणजे एक सहाशे अंकी संख्या. ती सगळ्यांना माहीत असते, परिपत्रकातच छापतात. पण फाइल उघडायला त्या संख्येचे दोन अवयव लागतात, तीनतीनशे अंकांच्या दोन अविभाज्य संख्या. मंडळातलं एक यंत्र त्या दोन संख्या शोधतं, त्यांचा गुणाकार छापतं आणि अवयव एका बंद पाकिटात टाकतं. ते पाकीट सुनेच्या कपाटात असतं. परीक्षेच्या सकाळी ती ते फोडते.

"मग पाकीट फुटलेलं सापडलं का?"

"नाही आई. लाख जशीच्या तशी. मी सर्वांदेखत फोडलं."

"मग तुझ्यावर आळ कसला?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते म्हणतात, संख्या फोडायला हजार वर्षं लागतात. संख्या फुटू शकत नाही, म्हणजे पाकीटच फुटलं असणार. आणि पाकीट माझ्याकडे होतं."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. पुरावा काही नाही, नुसतं अनुमान! आणि तेही अर्धवट. दोन वाटा असताना एक बंद आहे असं गृहीत धरायचं आणि दुसरीवरच्या माणसाला बखोटीला धरायचं. असं उत्तर मी सातवीच्या मुलाकडूनही घेतलं नसतं.

"ती वाट बंद आहे, हे कुणी तपासलं?" मी विचारलं.

कुणीच तपासलं नव्हतं.

२

यंत्र बसवणारा तज्ज्ञ भाजी बाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायचा. तिशीतला, दाढी वाढवलेला, टेबलावर चहाचे चार रिकामे पेले. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आधी उभं राहून खुर्ची दिली. संस्कार वाईट नव्हते.

"मॅडम, ताईंबद्दल मला वाईट वाटतं. पण संख्या फुटली असं म्हणू नका. जगातली सगळी यंत्रं एकत्र जुंपली तरी सहाशे अंक फुटत नाहीत."

"कुठल्याच सहाशे अंकी संख्येचे अवयव पडत नाहीत?"

"कुठल्याच."

"एकावर पाचशे नव्व्याण्णव शून्यं लिहिली तर?"

तो हसला. "ते सोपं आहे हो. दोन आणि पाच. मी नीट निवडलेल्या संख्येबद्दल म्हणतोय."

"म्हणजे मोठेपणा पुरत नाही. नीट निवड लागते."

"अर्थात."

"ही नीट निवडली होती, याचा कागद आहे?"

"माझं प्रमाणपत्र आहे ना! सगळ्या चाचण्या करून मी सही केली आहे." त्याला थोडा राग आला. येऊ दे. खऱ्या कारागिराला कामावर शंका घेतली की राग येतो. चोराला भीती वाटते. तो मला तेव्हा तरी चोर वाटला नाही.

"अवयव तुम्हाला दिसतात का?"

"नाही. यंत्र ते थेट पाकिटात टाकतं. मलाही नाही, सचिवांनाही नाही."

मी उठले. मी जिन्यावर पोचले तेव्हा त्याने मागून हाक मारली. "मॅडम, तुमचा वेळ वाया जाईल हं."

"माझ्याकडे आता वेळच वेळ आहे," मी म्हटलं. "आणि सुनेकडेही. तुमच्या मंडळाची कृपा."

३

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. परिपत्रक मध्ये, बाजूला सुनेचा लॅपटॉप. संख्या दहा ओळींत छापली होती, ओळीला साठ अंक. सुनेने ती लॅपटॉपमध्ये घातली, मी बोट ठेवून ताडून पाहिली.

"आता काय विचारायचं हिला?" ती म्हणाली.

मोठ्या संख्येला घाबरलेल्या मुलांना मी एकच सांगायची. आधी तिच्याशी ओळख करून घ्या. सम आहे का? नाही. तिनाने भाग जातो? नाही. सात, अकरा, तेरा? नाही. सुनेने पहिल्या दहा लाखांपर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहिलं. संख्या ढिम्म हलली नाही.

"वर्गमूळ काढ," मी म्हटलं.

"वर्गमूळ कशाला?"

"दोन अवयव एकमेकांपासून लांब असतील तर वर्गमूळ काहीच सांगत नाही. जवळ असतील तर ते चहाडी करतं."

तिने कळ दाबली. पडद्यावर तीनशे अंक आले, मग दशांशचिन्ह, आणि त्यापुढे...

"आई, हे यंत्र बिघडलंय का?"

दशांशचिन्हापुढे नऊ होते. नऊ, नऊ, नऊ. ओळ संपली तरी नऊच. आम्ही मोजले, दोनशे पंच्याण्णव निघाले. सहाशे अंकी संख्येचं वर्गमूळ एका पूर्ण संख्येच्या दारात केसभर अंतरावर येऊन थांबलं होतं.

"ती पूर्ण संख्या घे," मी म्हटलं. "तिचा वर्ग कर. त्यातून आपली संख्या वजा कर."

उरले एक लाख एकोणीस हजार सातशे सोळा. सहाशे अंकांतून सहाशे अंक वजा केले आणि हाती सहा अंक!

"तीनशे शेहेचाळीसचा वर्ग," सून पुटपुटली. तिचं पाठांतर पहिल्यापासून चांगलं.

झालं. एका वर्गातून दुसरा वर्ग वजा केला की अवयव आपोआप पडतात, हे नववीचं पोर सांगेल. ती पूर्ण संख्या उणे तीनशे शेहेचाळीस हा एक अवयव, अधिक तीनशे शेहेचाळीस हा दुसरा. तीनशे अंकी दोन संख्या, आणि दोघींमध्ये अंतर फक्त सहाशे ब्याण्णव. एवढ्या मोठ्या संख्यांच्या जगात म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली घरं. हजार वर्षांचं कुलूप आम्ही चहा व्हायच्या आत उघडलं होतं.

सून रडायला लागली. शनिवारपासून ती पहिल्यांदा रडली.

मी तज्ज्ञाला फोन लावला. काय सापडलं याचा चकार शब्द काढला नाही. फक्त म्हटलं, "तुमच्या प्रमाणपत्रावरच्या संख्येचे पहिले दहा अंक वाचून दाखवा."

त्याने वाचले. मी परिपत्रकाकडे पाहिलं.

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचले. मग मी माझ्यासमोरचे दहा वाचले.

"मॅडम," तो म्हणाला, "ही संख्या माझी नाही."

४

सुनेला तेव्हा आठवलं. परिपत्रक दोनदा निघालं होतं. पहिल्यात छपाईची चूक झाली म्हणून ते परत मागवलं आणि परीक्षेआधी अकरा दिवस, एका मंगळवारी, नव्या संख्येचं परिपत्रक निघालं.

"मंगळवारी? तू कुठे होतीस?"

"तुमच्या उशाशी. दवाखान्यात."

सोमवार ते बुधवार ती माझ्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. गुरुवारी कामावर गेली तेव्हा नवं पाकीट बंद होऊन कपाटात आलेलं होतं.

मी तिला म्हटलं, "अगं, तू सुटलीस. ज्याच्याकडे किल्ली आहे तो कुलूप कशाला खिळखिळं करील? हे कुलूप मुद्दाम कच्चं केलंय. म्हणजे ज्याला पाकिटाला हात लावता येत नव्हता, त्याचं हे काम."

"की नुसती यंत्राची चूक, आई?"

प्रश्न रास्त होता. म्हणून सोमवारी मी उपसचिवांना भेटायला गेले.

त्यांच्या खोलीत वातानुकूलन इतकं होतं की माझे दात वाजले. पन्नाशीचा माणूस, केस काळेभोर, टेबलावर कागद काटकोनात. भिंतीवर गणितातल्या पदवीचं प्रमाणपत्र. बाजूला एका मुलाचा शाळेच्या गणवेशातला फोटो.

"आजी, भावना समजतात," त्यांनी सुरुवात केली. "पण नियम म्हणजे नियम. सूनबाईंनी कबूल केलं तर शिक्षा सौम्य करता येईल."

आजी! मुठी पदराखाली वळल्या.

"तुमची संख्या फुटली, साहेब," मी म्हटलं. "तिचे अवयव आम्ही घरी काढले."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. "अशक्य."

"काढलेत."

ते उठले, खिडकीचा पडदा सारखा केला, परत बसले. "समजा, काढले. यंत्राने शेजारशेजारचे अवयव उचलले, तर त्याला मंडळ काय करणार? तो यंत्राचा दोष. तज्ज्ञाला विचारा. आणि समजा संख्या कच्ची होती, म्हणून तुमची सून पक्की ठरत नाही."

"बरं," मी म्हटलं. "हे लेखी द्याल का? चौकशीत लागेल."

"आनंदाने." आणि त्यांनी खरोखरच लेखनिकाला बोलावून दोन परिच्छेद सांगितले. मला प्रत दिली. खाली सही, दोन रेघांसकट.

मी ती पिशवीत ठेवली आणि बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसून राहिले. हा माणूस माझ्या सुनेच्या चौकशी समितीवर बसणार होता!

५

आता मला पहिलं परिपत्रक हवं होतं. ते सगळ्या शाळांकडून परत मागवलं होतं. पण माझी एक मैत्रीण मुख्याध्यापिका आहे. तिच्या कपाटातून कागद बाहेर जात नाही. नवऱ्याने लग्नाआधी पाठवलेली पाकिटंसुद्धा तिने तारीखवार लावून ठेवली आहेत.

"परत पाठव म्हणाले, तेव्हा मी झेरॉक्स पाठवली," ती म्हणाली. "मूळ प्रत कशी देईन? मला काय खुळी समजलीस?"

परिपत्रकाला उपसचिवांची टीप जोडलेली होती: 'चौथ्या ओळीत तिनाच्या जागी चुकून आठ छापला गेल्याने ही संख्या रद्द करून नवी संख्या घेण्यात येत आहे.'

मी तिथेच, तिच्या कचेरीत, पेन्सिल मागून घेतली.

"काय करतेस?"

"बेरीज."

सहाशे अंकांची बेरीज करायला मला पंचवीस मिनिटं लागली. मग उलट्या बाजूने पुन्हा केली. दोन्ही वेळा दोन हजार सातशे तेरा. दोन, सात, एक, तीन मिळून तेरा, एक आणि तीन मिळून चार. नऊचा ताळा चार. परिपत्रकाच्या तळाशी यंत्राने स्वतः छापलेला ताळाही चार. मी तज्ज्ञाला फोन केला. त्याच्या प्रमाणपत्रावरही चार.

"मग?" मैत्रिणीने विचारलं.

"मग हा माणूस खोटं बोलतोय. तिनाचा आठ झाला असता तर बेरीज पाचाने वाढली असती. खऱ्या संख्येचा ताळा आठ निघाला असता. छपाईत काही चुकलंच नव्हतं गं! धडधडीत चांगली संख्या रद्द केली."

तिने टीप पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आणि एक आकडा खरंच चुकला असता, तरी शुद्धिपत्रक काढतात. संख्या बदलतं का कुणी?"

हे मला आधी सुचायला हवं होतं.

६

चौकशी बुधवारी सकाळी दहाला. लांब टेबल, मधे सचिव, त्यांच्या उजवीकडे उपसचिव, डावीकडे तज्ज्ञ. सून एका टोकाला. तिला पाण्याचा पेलासुद्धा दिला नव्हता. मी माझा तिच्यासमोर सरकवला.

सचिव वयस्कर, दमलेले, निवृत्तीला सहा महिने. त्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, दहा मिनिटं देतो."

मी फळ्यावर लिहिलं: ९९९१.

"याचे अवयव काढा."

"ही काय शाळा आहे?" उपसचिव म्हणाले.

सचिवांनी मात्र प्रयत्न केला. "तिनाने जात नाही... सातानेही नाही..."

"शंभराचा वर्ग दहा हजार," मी म्हटलं. "त्यातून नऊ गेले. नऊ हा तिनाचा वर्ग. म्हणून शंभर उणे तीन आणि शंभर अधिक तीन. सत्त्याण्णव गुणिले एकशेतीन. तुमची सहाशे अंकी संख्या हिचीच थोरली बहीण आहे." आणि मी वर्गमूळ छापलेला कागद टेबलावर ठेवला.

तज्ज्ञाने तो ओढून घेतला. नऊंच्या ओळी पाहताना त्याचा चेहरा उतरला. "कुणीतरी दुसरा अवयव नव्याने शोधायला लावलाच नाही. पहिल्याच्या पुढून शोधा असा पर्याय दिला. तो फक्त सरावासाठी आहे! प्रत्यक्ष वापरायला मी लेखी मनाई केली आहे."

"हे आपल्याला केव्हा कळलं?" मी त्याला विचारलं.

"आत्ता. तुमच्या समोर."

"रविवारी मी फोनवर अवयवांबद्दल काही बोलले?"

"एक अक्षर नाही."

मी पिशवीतून दोन परिच्छेदांची ती प्रत काढली आणि सचिवांना दिली. "सोमवारी मी उपसचिवांना एवढंच सांगितलं की संख्या फुटली. संख्या फुटायच्या वाटा अनेक. एखादा अवयव अगदी लहान असेल, यंत्राने जुनाच अवयव पुन्हा वापरला असेल. तिसरी ओळ वाचा, साहेब. मोठ्याने."

सचिवांनी चष्मा चढवला. "'दोन्ही अवयव लगतचे निघाल्यास तो यंत्राचा दोष समजावा...'"

"लगतचे," मी म्हटलं. "हे त्या दिवशी जगात तिघांनाच माहीत होतं. मला, माझ्या सुनेला, आणि ज्याने ते लगतचे निवडले त्याला."

उपसचिव हसायला गेले. "हा तर्क झाला. मी गणिताचा पदवीधर आहे, अंदाज केला."

"मग ताळ्याचाही अंदाज करा." मी पहिलं परिपत्रक पुढे सरकवलं आणि तिनाआठाची गोष्ट सांगितली. सचिव ऐकता ऐकता स्वतःच पेन्सिल घेऊन बेरीज करू लागले, मग मधेच थांबले. त्यांनी शिपायाला हाक मारली. "प्रभाराची वही आणा. आणि यंत्राची नोंद."

वही आली. मंगळवारी कुलूप विभागाचा प्रभार कुणी घेतला, तिथे सही होती. सहीखाली रेघ, रेघेखाली रेघ. यंत्राच्या नोंदीत त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी निवडलेला पर्याय होता: पुढून शोधा.

उपसचिवांनी वही मिटली.

"मुलगा आहे माझा," शेवटी ते म्हणाले. "तिसऱ्यांदा बसत होता. तो... त्याला गणित येत नाही. मला येतं आणि त्याला येत नाही. घरात हसतात त्याला. मी त्यालाच दिली होती फक्त. त्याने मित्रांना सांगितलं."

मला त्या फोटोतलं पोर आठवलं आणि त्याची कणव आली, खोटं कशाला बोलू. पण बापाची नाही आली.

"पोरासाठी केलंत, ठीक," मी म्हटलं. "मग पकडल्यावर पोराच्या बापाने उभं राहायचं होतं. माझ्या सुनेला का उभं केलंत? शनिवारपासून हिने धड घास गिळला नाही. शेजारणी दार लोटून घेत होत्या. निलंबनाच्या पत्रावर सही करताना तुम्हाला खरं माहीत होतं. एकट्या तुम्हालाच माहीत होतं!"

माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई दारात आला. सुनेने माझ्या हातावर हात ठेवला. मी बसले.

७

आठ दिवसांनी उपसचिव निलंबित झाल्याचं कळलं. परीक्षेची नवी तारीख लागली. सुनेला मंडळातून बोलावणं आलं. मी सोबत गेले, पण तिने मला दाराशीच सांगितलं, "आई, आज तुम्ही बोलायचं नाही."

सचिवांनी पत्र पुढे केलं. ते बरेच खुशीत होते. "घ्या. उद्यापासून हजर व्हा. झालं गेलं गंगेला मिळालं."

तिने पत्र उभ्या उभ्या वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'संशयाचा फायदा देऊन आपणांस पुन्हा कामावर...' माझं डोकं भणाणलं. ओठ दाताखाली धरून मी गप्प राहिले. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलं नाही.

सुनेने पत्र परत टेबलावर ठेवलं.

"साहेब, यात संशय कुठे शिल्लक आहे?"

"अहो, ती भाषा आहे कचेरीची. सगळ्यांना तशीच देतो."

"सगळ्यांना द्या. मला नको. ज्याने काही केलंय पण सिद्ध झालं नाही, त्याला फायदा देतात. मी काही केलंच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आळ घेताना तुम्ही नव्वद शाळांना कळवलंत. हेही तितक्याच शाळांना कळवा. आणि माफी मागा. मंडळाने, लेखी."

"टंकलेखक आज रजेवर आहे."

"मग तुम्ही करा. मी थांबते."

ती खुर्ची ओढून बसली. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. शेवटी त्यांनी उसासा सोडला, कळफलक पुढे घेतला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत पत्र लिहिलं. पाऊण तास लागला. छापील कागद त्यांनी सुनेसमोर ठेवला आणि सहीसाठी पेन उघडलं.

तिने ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं. एका जागी बोट थांबलं.

"'निर्दोष'चा रफार राहिलाय, साहेब."

"पेनाने देऊ का?"

"नाही," सून म्हणाली. "पुन्हा छापा."